इंदूरचा एक दिवस: सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या सराफ्यापर्यंत

पहिल्यांदा इंदूरला गेलो तेव्हा माझा सराफा हुकला. सराफा म्हणजे इथला सराफ बाजार, रात्री दुकानं बंद झाली की तिथेच खाऊगल्ली भरते. तसा रात्री साडेदहाला मी सराफ्यात हजर होतो, समोरच्या कढईत भुट्ट्याचा कीस वाफाळत होता, पण पोटात तिळाएवढी जागा नव्हती. रविवार होता आणि मावशीने दुपारी दाल-बाफल्यांचा घाट घातला होता. बाफले म्हणजे कणकेचे जाड गोळे. आधी पाण्यात उकडायचे, मग भाजायचे, मग तुपात बुडवून काढायचे. "दोनच घेतलेस?" हे तीनदा ऐकल्यावर मी पाच खाल्ले, तिथेच चटईवर आडवा झालो आणि उठलो तो दिवेलागणीला. त्या रात्री सराफ्यात सगळ्यांच्या हातात द्रोण होते आणि माझ्या हातात सोड्याची बाटली.

पुढे बऱ्याच खेपा झाल्या आणि एक गणित पक्कं झालं. इंदूर एका दिवसात पाहूनही होतं आणि खाऊनही होतं, फक्त दिवस भुकेच्या हिशेबाने आखावा लागतो. या गावात खाण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत: पोहे सकाळी, छप्पन (म्हणजे 'छप्पन दुकान' ही खाऊच्या दुकानांची ओळ) संध्याकाळी, सराफा रात्री उशिरा. पाहायच्या जागा मधल्या फटींत बसवायच्या. उलटं करायला गेलात तर माझ्यासारखा सोडा प्याल.

जाण्याआधी

मुंबई सेंट्रलहून अवंतिका एक्स्प्रेस संध्याकाळी सुटते आणि सकाळी इंदूरला उतरवते. पुण्याहून रात्रीच्या बस भरपूर आहेत. नाशिक-धुळ्याकडच्यांनी स्वतःची गाडी काढली तर मुंबई-आग्रा रस्ता सोडायचाच नाही. शिरपूर मागे पडलं, बिजासन घाट चढलात की सेंधवा, म्हणजे मध्य प्रदेश. इंदुरात ज्याला सगळे 'ए. बी. रोड' म्हणतात तो हाच आग्रा-बॉम्बे रोड. आमच्या नाशिकच्या घरामागून जाणारा रस्ता थेट मावशीच्या गावात जातो याचं मला लहानपणी फार अप्रूप होतं.

शक्यतो आदल्या रात्री पोचा. सकाळच्या गाडीने उतरलात तरी बिघडत नाही, पोहे साडेनऊ-दहालाही मिळतात, फक्त गर्दी वाढलेली असते. मुक्काम राजवाडा-स्टेशनच्या पट्ट्यात केला तर रात्री सराफ्यातून चालत परत येता येतं, आणि त्या वेळी रिक्षावाल्याशी घासाघीस करायची ताकद कुणातच उरलेली नसते. पलासियाकडे हॉटेलं जास्त ऐसपैस आहेत, पण मग रात्रीच्या वाहनाची सोय बघून ठेवा.

वार निवडताना सोमवार टाळा, लालबागसारख्या सरकारी वास्तू त्या दिवशी बंद असतात. शनिवार-रविवारी सराफ्यात अंगाला अंग लागतं. मंगळवार ते गुरुवार उत्तम.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एक कारण हवा, दुसरं गराडू. हा कंद फक्त थंडीत मिळतो आणि केवळ त्याच्यासाठी मी डिसेंबरात जातो. मे महिन्यात दुपारी बाहेर पडणं मुश्कील, पण रात्री सुसह्य. 'सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा' हे उगीच नाही म्हणत, माळव्याच्या रात्रीला खरंच एक गारवा असतो. रंगपंचमीला मात्र पर्यटनाचा विचार सोडून द्या. त्या दिवशी राजवाड्यासमोरून 'गेर' म्हणजे रंगांची मिरवणूक निघते, टँकरनेच रंग उडवतात, आणि तुम्ही पर्यटक आहात की इंदुरी हे तुमची आईसुद्धा ओळखणार नाही.

आता पोटाचे नियम. दोघांत एक प्लेट, चौघांत दोन. कितीही आवडलं तरी तोच पदार्थ पुन्हा मागवायचा नाही. दुपारी जेवायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड, विशेषतः इंदुरात नातेवाईक असतील तर. त्यांना दुसऱ्या दिवशीचं जेवण कबूल करून टाका. दाल-बाफले त्या दिवशी खा आणि मग खुशाल झोपा.

सकाळी आठ: पोहे

मराठी माणूस इंदुरात पोह्यांच्या ठेल्यापुढे उभा राहतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव असतो. मीही तसाच उभा राहिलो होतो. पोहे आपले, होळकरांबरोबर माळव्यात आलेले, हे आता आपल्याला काय शिकवणार?

पण बघा तरी. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत असतं आणि त्याच्यावर पोह्यांची परात ठेवलेली असते. सकाळभर पोहे त्या वाफेवरच राहतात. म्हणून ते कोरडे पडत नाहीत, चिकटतही नाहीत, दाणा न् दाणा सुटा आणि मऊ. फोडणीत मोहरी, मिरची, हळद, आणि आपल्याला अनपेक्षित अशी बडीशेप. साखर आपल्यापेक्षा जरा सढळ. कांदा फोडणीत नाही, तो वरून कच्चा. पोहेवाला डाव्या हातात कागदाची प्लेट धरतो, उजव्या हाताने पोह्यांचा डोंगर करतो, आणि मग त्याची बोटं एकेका डब्यात जाऊन येतात: बारीक शेव, कांदा, कोथिंबीर, कधी डाळिंबाचे दाणे, लिंबाची पिळणी, शेवटी जीरावनाची चिमूट. हे सगळं तो गिऱ्हाइकाशी गप्पा मारत, प्लेटकडे न बघता करतो.

जीरावन हा इंदूरचा खरा शोध. जिरं, धने, आमचूर, सुंठ, काळं मीठ, हिंग असा तपकिरी, आंबट-तिखट मसाला. इथे तो पोह्यांवर, काकडीवर, पेरूवर, साबुदाण्यावर, जिथे दिसेल तिथे भुरभुरतात. पहिल्या घासाला मी "थोडं वेगळं आहे" म्हणालो, तिसऱ्या घासाला गप्प झालो.

सोबत जिलबी घ्यायचीच. पोहे आणि जिलबी एकाच वेळी, हे ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा करून बघावं. जिलबी पातळ, कडक, गरम. एक घास पोह्यांचा, एक तुकडा जिलबीचा. पन्नास ग्रॅम दोघांना पुरते. राजवाड्याच्या आसपास उसळ-पोहेही मिळतात, पोह्यांवर झणझणीत उसळ ओतून. तिखटाचे शौकीन असाल तर साध्या पोह्यांऐवजी हेच घ्या. दोन्ही घेऊ नका, दिवस मोठा आहे.

आणि हो, 'कोणते पोहे सगळ्यांत चांगले' हा प्रश्न दोन इंदुरी माणसांसमोर एकदम विचारू नका. पहाटेपासून जिथे उभं राहून खाणाऱ्यांची गर्दी असते तिथे खा, म्हणजे झालं.

साडेनऊ ते बारा: राजवाडा आणि भोवतालची गल्ली

पोह्यांनंतर लगेच राजवाड्यापुढच्या बागेत या. मध्यभागी अहिल्याबाईंचा पुतळा आहे. आत जायची घाई करू नका, आधी रस्त्याच्या पलीकडून दर्शनी भाग नीट बघा. सात मजले. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. दगड संपून लाकूड सुरू होतं तिथे इमारतीचा स्वभावच बदलतो. खाली किल्ला, वर वाडा. पुण्यात शनिवारवाड्याचा चौथरा पाहून वरचे मजले कसे असतील याची कल्पना करावी लागते, इथे थोडंफार डोळ्यांनी दिसतं.

मल्हारराव होळकरांनी १७४७ च्या सुमारास हे बांधकाम सुरू केलं. त्यानंतर वाडा तीनदा जळला. १८०१ मध्ये दौलतराव शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी इंदूर लुटलं तेव्हा, मग १८३४ मध्ये, आणि शेवटी १९८४ च्या दंगलीत. आज दिसतो तो दर्शनी भाग जुना, मागचा बराचसा नंतर जुन्या धर्तीवर पुन्हा उभा केलेला. आत गेल्यावर लाकडाचा रंग कुठे बदलतो ते बघत चला, इतिहास आपोआप कळतो.

आत मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे. मल्हाररावांचं मूळ गाव होळ, जेजुरीच्या पंचक्रोशीतलं, त्यामुळे खंडोबा बरोबर आलाच. माझी बायको तिथे 'येळकोट येळकोट' पुटपुटली तर शेजारच्या आजोबांनी 'जय मल्हार' म्हणून साथ दिली आणि मग पुढची दहा मिनिटं ते त्यांच्या इंदुरी मराठीत आमची चौकशी करत होते. ही मराठी ऐकण्यासारखी आहे. व्याकरण आपलं, लय माळव्याची, आणि मधेमधे हिंदी शब्द इतके सहज येतात की ते हिंदी आहेत हे बोलणाऱ्याच्या गावीही नसतं.

एक गैरसमज इथेच दूर करू. अहिल्याबाईंचा कारभार या राजवाड्यातून चालत नव्हता. १७६७ ते १७९५ ही त्यांची कारकीर्द महेश्वरला, नर्मदेच्या काठी. इंदूर राजधानी झालं ते त्यांच्यानंतर, १८१८ च्या मंदसौर तहानंतर. तेव्हा 'अहिल्याबाईंची गादी' बघायला आलेल्यांनी दुसऱ्या दिवशी महेश्वर करावं.

राजवाड्याला तासभर खूप झाला. बाहेर पडून पाच मिनिटांवर कृष्णपुरा छत्र्या आहेत, होळकर घराण्यातल्या मंडळींच्या समाध्या. दगडी कोरीव काम, कमानी, शिखरं, आणि खाली कान्ह नदी, जिला बरेच जण खान नदी म्हणतात. सकाळच्या तिरप्या उन्हात छत्र्यांचे फोटो चांगले येतात. पंधरा मिनिटं द्या.

मग सराफ्यात या. हो, दिवसासुद्धा. रात्रीच्या सराफ्याबद्दल सगळे सांगतात, पण दिवसाचा सराफा बघितला नाही तर रात्रीची गंमत अर्धीच कळते. आत्ता इथे चांदीची पैंजणं, सोन्याचे तराजू, काचेमागे मखमली खोकी, गादीवर बसलेले शेठ. दुकानं चिंचोळी, प्रत्येकाला पुढे दगडी पायरी किंवा ओटा. त्यातला एखादा ओटा डोक्यात ठेवा. पाटीचं नाव लक्षात ठेवा किंवा सरळ फोटो काढा. रात्री कामाला येणार आहे.

इथेच बडा सराफ्यात नागोरींची शिकंजी मिळते. उत्तरेकडे शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत, इथे मात्र आटवलेलं घट्ट दूध, जराशी आंबट चव, केशर, वेलदोडा, सुकामेवा. बासुंदीची आंबटसर बहीण म्हणा. हे रात्रीवर ठेवू नका, आत्ताच घ्या, दोघांत एक पेला. दुपारच्या जेवणाची जागा हीच भरून काढते.

काचमंदिर

सराफ्यातून इतवारिया बाजारातलं काचमंदिर चालत गाठता येतं. कापडगिरण्यांचे मालक सर हुकुमचंद यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं हे दिगंबर जैन मंदिर. बाहेरून साधं, पांढरं, जवळपास वाड्यासारखं. आत पाऊल टाकलं की भिंती काचेच्या, खांब काचेचे, छत काचेचं, पायाखालची जमीनसुद्धा. गाभाऱ्याजवळ आरसे असे समोरासमोर लावले आहेत की मूर्तींच्या रांगा लांबवर जाताना दिसतात. मुलांना हे फार आवडतं. मला मात्र काचेच्या तुकड्यांत जडवलेली कथाचित्रं जास्त आवडली, विशेषतः पापाची शिक्षा दाखवणारी. इतकी चमचमती नरकयातना मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

फोटो काढू देत नाहीत. चपला बाहेर. उन्हाळ्यात परत येऊन चपला घालेपर्यंत तळवे भाजतात, मोजे जवळ ठेवा.

इथून लालबागला रिक्षा करा. वाटेत बडा गणपती लागतो, सुमारे २५ फुटांची बसलेली मूर्ती. नमस्कार करून पुढे निघायला पाच मिनिटं पुरतात.

साडेबारा ते अडीच: लालबाग

दुपारचं ऊन टाळायला लालबागसारखी जागा नाही. झाडी, उंच छत, गार फरशी.

दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात १८८६ मध्ये काम सुरू झालं आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात १९२१ ला संपलं. फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकावरून घडवलेलं, विलायतेत ओतून बोटीने मुंबईला आणि तिथून इथवर आणलेलं. आत इटालियन संगमरवर, झुंबरं, छतावरची चित्रं, नाचाच्या दालनाची लवचिक लाकडी जमीन. राजवाडा बघून इथे आलात की एकाच घराण्याने दीडशे वर्षांत किती लांबचा प्रवास केला ते कळतं. तिथे खंडोबा, इथे ग्रीक देवता.

मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. महालाचं स्वयंपाकघर महालात नव्हतंच, ते होतं नदीच्या पलीकडच्या काठावर. धूर आणि वास पाहुण्यांपर्यंत येऊ नये म्हणून. मग जेवण यायचं कसं? नदीखालून काढलेल्या भुयारातून. मी जेवणाच्या दालनात उभा राहून बराच वेळ एवढाच विचार करत होतो की भुयाराच्या दुसऱ्या टोकाला निघालेली पोळी इथे पोचेपर्यंत फुगलेली राहायची का! या गावात जेवणासाठी कोण काय करेल सांगता येत नाही.

हेच ते तिसरे तुकोजीराव, ज्यांना १९२५ च्या मुंबईतल्या बावला खून खटल्यानंतर पुढच्या वर्षी गादी सोडावी लागली, कारण व्यापारी अब्दुल कादर बावलाच्या त्या खुनात इंदूर दरबाराच्या माणसांचा हात निघाला. मलबार हिलवर झालेल्या त्या गोळीबाराच्या गोष्टी गिरगावात अजून सांगतात. महाल बघताना ती गोष्ट ठाऊक असली की झुंबरांकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं जातं.

तीन ते पाच: काहीही नाही

खोलीवर जा, पंखा लावा, आडवे व्हा. मी हे गमतीने लिहीत नाही. याच दोन तासांत हौशी मंडळी मॉल, प्राणिसंग्रहालय किंवा आणखी दोन मंदिरं घुसवतात आणि रात्री नऊला जांभया देतात. ताक प्या, फळ खा. नातेवाइकांचा फोन आला तर 'उद्या नक्की' म्हणा.

साडेपाच ते साडेसात: छप्पन

नवीन पलासियातली छप्पन दुकानांची ओळ म्हणून नाव 'छप्पन दुकान'. बोलताना नुसतं 'छप्पन'. काही वर्षांपूर्वी महापालिकेने इथली वाहनं बाहेर काढून फरशी घातली, बाकं टाकली, झाडं लावली. त्यामुळे म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर रात्रीच्या सराफ्यापेक्षा ही जागा सोपी. बसून खाता येतं.

इथे दोनच गोष्टी खा. एक, विजय चाट हाउसचं खोपरा पॅटिस. बाहेर बटाट्याचं कुरकुरीत आवरण, आत ओल्या नारळाचं गोड-तिखट सारण. आपल्या उपासाच्या पॅटिसचं हे श्रीमंत भावंड. दोन, जॉनी हॉट डॉग. नावावर जाऊ नका, लांबट पाव नाही की सॉसेज नाही. गोल पाव, तव्यावर तुपात परतलेला, आत बटाट्याची, मटणाची टिक्की किंवा अंड्याचं आमलेट. अंड्यावाल्याला 'बेंजो' म्हणतात. एकाच दुकानात शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही बनतं, ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच ठरवा. हा पाव एवढासा दिसतो, पण एक खाल्ला की थांबा. सराफा अजून तीन तास लांब आहे.

कचऱ्याचंही इथेच सांगतो. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून सलग आठ वेळा पहिलं आलेलं हे गाव आहे आणि गावकऱ्यांना त्याचा भलताच अभिमान. ओल्या-सुक्या कचऱ्याचे डबे पावलोपावली आहेत. मी एकदा वापरलेला चमचा बाकावर ठेवून उठलो तर सात-आठ वर्षांच्या मुलीने तो उचलून माझ्या हातात दिला आणि डब्याकडे बोट दाखवलं. एक शब्द बोलली नाही.

नमकीन घ्यायचं असेल तर तेही आत्ताच, कारण रात्री सराफ्यातून सुटेपर्यंत ही दुकानं बंद झालेली असतात. लौंग शेव, बारीक शेव, आणि जीरावनाची दोन तरी पाकिटं. शेव चाखायला मागितली तर देतात. अर्धा किलोच्या वर घेऊ नका, महिनाभरात तेलाचा वास यायला लागतो.

छप्पनहून राजवाड्याकडे परत येताना हातात वेळ असेल तर सिख मोहल्ला वाटेत आहे. लता मंगेशकरांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ चा, इथलाच. त्या जागी आता कापडाचं दुकान आहे. बघण्यासारखं काही नाही, तरी माझी पावलं तिकडे वळतातच.

रात्री साडेनऊनंतर: सराफा

आठ वाजल्यापासून सराफ बाजाराची शटरं पडायला लागतात. तराजू आत जातात, ओट्यांवर पाणी मारलं जातं आणि त्याच ओट्यांवर कढया चढतात. साडेनऊच्या आधी गेलात तर निम्मी दुकानं मांडामांडीत असतात. दहा ते साडेअकरा ही खरी वेळ, पुढे दीड-दोनपर्यंत चालतं. रात्री वर्दळ राहावी, दुकानं सुरक्षित राहावीत म्हणून सराफांनीच खाऊवाल्यांना बसू दिलं, असं इथली जुनी माणसं सांगतात. खरं असो-नसो, हिशेबी माणसांना शोभणारी युक्ती आहे.

आधी एक पूर्ण चक्कर मारा, काहीही न घेता. त्यात तुमचा सकाळचा ओटा शोधा. मला सकाळी जिथे पैंजणं मोजणारे शेठजी दिसले होते तिथे रात्री एक बाई गराडू तळत होती, आणि मागच्या बंद शटरवर हॉलमार्कची जाहिरात तशीच झळकत होती.

मग खायला लागा. क्रम महत्त्वाचा, आधी गार आणि हलकं.

पहिला जोशींचा दहीवडा. इथे खाण्याइतकंच बघायलाही उभं राहतात. वड्यावर घट्ट दही ओतलेला द्रोण हातावर घेतात आणि वर भिरकावतात, चांगला डोक्याच्या वर. तो गिरकी घेऊन खाली येतो तेव्हा दह्याचा थेंब सांडलेला नसतो. त्याहून मोठी करामत पुढे आहे, जी फोटो काढण्याच्या नादात लोकांची हुकते. एका चिमटीत तीन-चार मसाले एकदम धरायचे आणि ते द्रोणावर एकेक करून वेगवेगळे सोडायचे: मीठ इथे, तिखट तिथे, जिरं पलीकडे. बोटांकडे बघा, द्रोणाकडे नको. वडा कापसासारखा मऊ, दही गोडसर.

दुसरा भुट्ट्याचा कीस. मक्याची कोवळी कणसं किसून, तुपात जिरं-हिंग-मिरचीची फोडणी देऊन, दूध घालत मंद आचेवर शिजवतात. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबू, अर्थातच जीरावन. दिसायला उपम्यासारखा, चवीला मक्याचा गोडवा आणि मागून येणारी मिरची. हा गरमच खायचा, पाच मिनिटं ठेवलात तर गोळा होतो. सगळ्या सराफ्यातला एकच पदार्थ निवडा म्हणालात तर मी हा निवडेन.

थंडीत असाल तर तिसरा गराडू. आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद. चौकोनी तुकडे दोनदा तळतात, बाहेरून कडकडीत, आतून पिठूळ. वर मसाला आणि लिंबू. बोलता बोलता प्लेट रिकामी होते.

साबुदाण्याची खिचडी इथे वेगळीच असते, पोटात जागा असेल तर अर्धी प्लेट घ्या. साबुदाणा वाफेवर मोकळा शिजवलेला, तुपात परतलेला नाही. गिऱ्हाईक आल्यावर त्यात फराळी चिवडा, कोथिंबीर, मिरची, लिंबू, मसाला घालून हातानेच कालवून देतात. आपल्या खिचडीची सवय असलेल्यांना हा अपमान वाटू शकतो. माझ्या बायकोला अजून वाटतो.

शेवटी गोड. जलेबा म्हणजे ताटलीएवढी जिलबी, वजन पावशेराच्या आसपास. चौघांत एक. तिच्यावर रबडी घालून घेतात काही जण, मी नाही घेत, कुरकुरीतपणा जातो. मालपुवा आणि मावाबाटी यांत मावाबाटी घ्या, गुलाबजामचाच प्रकार, पण खव्याची आणि आत सारण भरलेली. एक दोघांत.

काय टाळायचं? नूडल्स, मोमो, चीज ओतलेलं काहीही, धूर निघणारं आइस्क्रीम, पेटतं पान. हे सगळं तुमच्या गावातही मिळतं आणि सराफ्यातली जागा मात्र फुकट अडवून बसतं. आम्हा दोघांचं दिवसभराचं खाणं हजार रुपयांच्या आत बसलं, नमकीन सोडून. क्यूआर कोड सगळीकडे आहेत, पण गर्दीत नेटवर्क रेंगाळतं, तेव्हा सुट्ट्या पैशांचं एक पाकीट खिशात ठेवा. मोबाइल पुढच्या खिशात. टाचांचे बूट नकोत, ओटे धुतल्यामुळे फरशी ओली असते.

निघताना रिक्षा सराफ्याच्या तोंडाशी शोधू नका, राजवाड्याच्या चौकापर्यंत चालत या. तिथे मिळते, आणि दिव्यांच्या उजेडात सात मजले पुन्हा एकदा दिसतात. खोलीवर पोचल्यावर जीरावनाची पाकिटं प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून वरून रबर लावा, मगच बॅगेत भरा. मी पहिल्या खेपेला नुसती टाकली होती, आणि आठवडाभर ऑफिसात शेजारचा गृहस्थ विचारत होता, कुणी चाट आणलंय का?